सौदा पुढे गेला की रद्द झाला?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी पत्रव्यवहार बघते. वळवाच्या पावसामुळे हळदीचे सौदे बुधवारऐवजी शुक्रवारी ठरले. परगावच्या खरेदीदाराला मी ‘वेन्सडेज ऑक्शन इज कॉल्ड ऑफ’ असं कळवलं आणि तो आलाच नाही. मालक म्हणाले, ‘पुट ऑफ’ लिहायला हवं होतं. दोन्हींत ‘ऑफ’ आहे, मग एवढा फरक कसा?

उत्तर : बुधवारी सौदा झाला नाही, तेवढ्यापुरतं तुमचं वाक्य खरं आहे. पण ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द. पुन्हा कधी होणार, हे त्यात येत नाही. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणं. खरेदीदाराने गाडी पाठवली नाही, यात त्याची चूक नाही.

‘ऑफ’चा मूळ अर्थ ‘पासून दूर’. संबंध दाखवणारा ‘ऑव्ह’ आणि हा ‘ऑफ’ मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारलेलं रूप पुढे वेगळं झालं. ‘पुट’ म्हणजे ठेवणं, तेव्हा ‘पुट ऑफ’ म्हणजे समोरचं काम दूर सरकवून ठेवणं. लॅटिनवरून आलेल्या ‘पोस्टपोन’ची घडणही तशीच : ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. ‘कॉल ऑफ’मध्ये मात्र हाक आहे. सावजामागे सोडलेल्या कुत्र्याला हाक मारून माघारी बोलावणं, हेही ‘कॉल ऑफ’च. हाक आली की पाठलाग तिथेच थांबतो.

अशा जोड्यांचा अर्थ सुटे शब्द लावून दर वेळी लागत नाही. आपल्याकडेही हाती घेणं, मनावर घेणं, अंगावर घेणं यांत ‘घेणं’ तेच असून अर्थ तीन आहेत. परदेशी माणसाला इंग्रजी इथेच सर्वांत जड जाते, हे सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं आहे.

आता वाक्यात बसवताना. ‘पुट ऑफ द ऑक्शन’ आणि ‘पुट द ऑक्शन ऑफ’ दोन्ही बरोबर. सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ साफ चूक, कारण ‘इट’ला आघात नसतो आणि बोलताना जोर शेवटच्या ‘ऑफ’वर पडतो. पुढे क्रियापद आलं तर ‘-इंग’ रूप घ्या : ‘पुट ऑफ सेंडिंग द ट्रक’. इथे ‘टू सेंड’ चालत नाही. भूतकाळातही ‘पुट’च राहतं.

सर्वांत जपायचं ते कर्म. ‘पुट ऑफ’ सौद्याला लावा, माणसाला नको. ‘वुई पुट द बायर ऑफ’ म्हणजे आम्ही त्याला काहीतरी सांगून टोलवलं, किंवा त्याचं मन उडवलं. हळद ओली लागली, कुबट वास आला आणि घ्यावीशी वाटेना, तर ‘द स्मेल पुट हिम ऑफ’.

तुमचा निरोप असा हवा होता : ‘वेन्सडेज ऑक्शन हॅज बीन पुट ऑफ टिल फ्रायडे’. छापील पत्रात ‘पोस्टपोन्ड टू फ्रायडे’ जास्त शोभेल.

प्रश्न (कराडहून) : गुरुवार, 12 तारखेची बैठक ‘ब्रॉट फॉरवर्ड टू मंडे’ असा निरोप लंडनच्या कार्यालयातून आला. मी पुढच्या सोमवारची तयारी करत बसलो. बैठक आधीच्याच सोमवारी उरकली.

उत्तर : मराठीत तारीख ‘पुढे’ गेली की उशिराची होते, म्हणून ‘फॉरवर्ड’ फसवतं. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणं. तारीख आपल्याकडे सरकते. उलट ब्रिटिश वापरात बैठक ‘पुट बॅक’ झाली तर ती लांबली. त्यात पुन्हा ‘पुट द क्लॉक बॅक’ म्हणजे मात्र घड्याळाचे काटे मागे घेणं, तेव्हा ‘बॅक’ बैठकीला लागलंय की घड्याळाला, ते आधी बघावं. ‘प्रीपोन’ आपल्याकडे रुळलेला सोयीचा शब्द, पण भारताबाहेर अनेकांना तो कळत नाही. परदेशी लिहिताना जुना आणि नवा वार तारखेसकट द्या : ‘ब्रॉट फॉरवर्ड फ्रॉम थर्सडे 12 टू मंडे 9’.