जिनोम वाचून माशांचं अनुकूलन आणि उत्क्रांती कशी कळते?

तुम्ही विचारलंय: "जिनोम म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबलचक यादी. मासा परिस्थितीशी जुळवून घेत गेला, हे त्या यादीत दिसतं कुठे? की आधी गोष्ट रचायची आणि मग तिला शोभेल असं जनुक शोधायचं?" दुसरं वाक्य टोचणारं आहे, पण खरा प्रश्न तोच आहे, म्हणून लिहायला बसले.

मी मोठी संशोधक वगैरे नाही. एमएस्सीनंतर तीन वर्षं मुंबईतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत माशांचे नमुने आणणं आणि त्यांचा डीएनए काढणं एवढंच माझं काम होतं. आता शिकवते. आमचा मासा होता निवटी. खाडीकाठी न वाढलेल्यांसाठी सांगते: ओहोटीला ठाण्याच्या खाडीत, शिवडीला, उरणकडे उघड्या चिखलावर डोक्यावर डोळे असलेला जो बोटभर मासा पुढच्या परांवर सरपटताना, मधेच टुणकन उडताना दिसतो, तो. चवीला उत्तम, बाजारात बहुतेकदा जिवंतच येतो. ओळखीच्या कोळीणमावशींकडून मी घमेल्यातल्या एकेका निवटीच्या शेपटीच्या पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कात्रीने कापायचे, तो अल्कोहोलच्या कुपीत टाकायचे आणि मासा परत घमेल्यात. पहिल्या दिवशी मावशी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मासा ठेवून शेपूट नेतेस? घरी मांजर हाय का?" डीएनएला तेवढा तुकडा पुरतो, हे त्यांना पटायला महिना लागला. गिऱ्हाइकांना मात्र त्या शेवटपर्यंत सांगायच्या की शेपट्या खेकड्याने कुरतडल्यात.

आता यादीकडे. एका माशाचा जिनोम वाचून अनुकूलन जवळजवळ काहीच कळत नाही. कळतं ते तुलनेतून. निवटीचा जिनोम तिच्या कायम पाण्यात राहणाऱ्या नातेवाइकांच्या जिनोमशेजारी ठेवायचा, जनुकासमोर जनुक, अक्षरासमोर अक्षर. मग फरक दिसतात, आणि लाखोंनी दिसतात. त्यातले बहुतेक बिनकामाचे. कामाचे वेगळे कसे काढायचे, ही खरी युक्ती आहे आणि ती ऐकायला सोपी आहे.

प्रथिन बनवताना पेशी तीन-तीन अक्षरं एका दमात वाचते. त्यातलं तिसरं अक्षर बदललं तर पुष्कळदा काहीच बिघडत नाही, तेच अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला तोच मणी येतो. हे मुके बदल. पहिलं किंवा दुसरं अक्षर बदललं तर बहुधा वेगळंच अमिनो आम्ल येतं, म्हणजे प्रथिन बदलतं. हे बोलके बदल. मुके बदल कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, त्यामुळे ते काळाबरोबर साचत जातात. बोलके बदल मात्र सहसा टिकत नाहीत, कारण चालू यंत्रात हात घातला की ते बहुतेक वेळा बिघडतंच. म्हणून एखाद्या जनुकात मुक्यांच्या मानाने बोलके बदल अपेक्षेपेक्षा जास्त टिकलेले दिसले, तर समजायचं की तिथे नैसर्गिक निवड त्यांना उचलून धरत होती. ही मोजणी संगणक सगळ्या हजारो जनुकांवर सरसकट करतो. त्याला निवटी चिखलात राहते की बादलीत, काही माहीत नसतं. म्हणजे गोष्ट आधी रचलेली नसते.

२०१४ साली निवटीच्या चार प्रजातींचे जिनोम प्रसिद्ध झाले. आपल्या खाडीतल्या निवटीचे ते भाऊबंद. त्यात निवडीच्या खुणा दिसल्या त्या कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकणाऱ्या जनुकांत. का, ते बघा. मासे शरीरातला नत्राचा कचरा अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून सोडून देतात, आजूबाजूचं पाणी तो वाहून नेतं. चिखलावर बसलेल्या निवटीला हे पाणीच नाही. अमोनिया अंगात साचला तर विष. मासा जमिनीवर आला म्हटलं की आपण पाय आणि फुप्फुस यांचाच विचार करतो, संडासाच्या सोयीचा विचार कोणी करत नाही. जिनोमने नेमकं तिथे बोट ठेवलं. शिवाय जंतूंशी लढणारी काही जनुकं संख्येने वाढलेली आणि डोळ्यांशी संबंधित काही हरवलेली किंवा बदललेली निघाली.

फक्त अक्षरं वाचून भागत नाही, कुठलं जनुक कधी चालू होतं तेही बघावं लागतं. त्यासाठी डीएनए नाही, आरएनए लागतो, म्हणजे चालू असलेल्या जनुकाची पेशीने काढलेली नक्कल, आणि आरएनए महा नाजूक. आम्ही उधाणाच्या ओहोटीला दोन तास चिखलावर असलेल्या निवट्यांचे कल्ले आणि भरतीत पाण्यात असलेल्यांचे कल्ले असे वेगवेगळे नमुने घेतले होते. एका शनिवारी दुपारी कोणीतरी डीप फ्रीझरचं दार नीट न लावताच लोकल पकडायला पळालं. सोमवारी आत डबकं. पराचे तुकडे अल्कोहोलमध्ये होते, ते वाचले. कल्ल्यांचे सगळे नमुने गेले. पुन्हा चिखलात उतरायचं तर उधाण पुढच्या अमावास्येला, आणि तोवर पाऊस सुरू झाला. खाडीच्या पाण्याचा खारटपणा बदलला, म्हणजे तुलनाच बदलली. एक अख्खा हंगाम वाया. "जिनोम संशोधन" हे शब्द ऐकले की लोकांना चकचकीत यंत्रं आठवतात, मला ते दार आठवतं.

आता तुमच्या "गोष्ट रचण्या"च्या आरोपाकडे. तो पूर्ण खोटा नाही. वीस-पंचवीस हजार जनुकं तपासली की काही निव्वळ योगायोगाने वर येतात, आणि कुठल्याही जनुकाला शोभेल अशी कहाणी हुशार माणूस संध्याकाळपर्यंत रचू शकतो. म्हणून मी फक्त यादी देणाऱ्या शोधनिबंधावर अर्धाच विश्वास ठेवते. उरलेला अर्धा कोणीतरी माशात तो बदल घालून दाखवला की.

तसं दाखवलेलं सगळ्यात सुंदर काम स्टिकलबॅक नावाच्या माशावर झालंय. उत्तर गोलार्धातल्या थंड समुद्रातला हा बोटाएवढा मासा, पाठीवर तीन काटे, दोन्ही कुशींना तीसहून जास्त हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. हिमयुग संपताना, दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, हे मासे नव्याने तयार झालेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत शिरले आणि ठिकठिकाणी, स्वतंत्रपणे, त्यांचं चिलखत गळून चार-सहा पट्ट्यांवर आलं. अमेरिकेत डेव्हिड किंग्जली यांच्या गटाने २००५ साली दाखवलं की यामागे मुख्यतः एकच जनुक आहे, ईडीए नावाचं. कमी चिलखतवाल्या माशाच्या गर्भात त्यांनी या जनुकाची चालू प्रत घातली, तर त्याला पट्ट्या आल्या. संपली गोष्ट रचायची शंका.

पण मला खरा धक्का पुढच्या भागाने बसला. वेगवेगळ्या तळ्यांतल्या माशांमध्ये कमी चिलखताची आवृत्ती वेगवेगळी नव्हती. बहुतेक ठिकाणी एकच, आणि तीही तळ्यांपेक्षा कितीतरी जुनी, वीसेक लाख वर्षांची. ती समुद्रातल्या थोड्या माशांमध्ये अंग चोरून फिरत होती. नवं तळं मिळालं की तिला भाव आला. अलास्कातल्या लोबर्ग तळ्यात हे माणसांच्या डोळ्यांदेखत झालं. तिथले मूळ मासे १९८२ मध्ये विष घालून मारले होते. नंतर समुद्रातून नवे आले. १९९० मध्ये ते जवळजवळ सगळे चिलखतधारी होते, २००१ पर्यंत चारातले तीन हलक्या अंगाचे झाले. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षं, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. इथे एक पोरगं पहिलीतून बारावीपर्यंत पोचायच्या आत काम झालं, कारण माल गोदामात आधीच पडून होता.

जिनोममधून मला जर काही कळलं असेल तर ते हेच. मासा नवं काही क्वचितच शोधतो, जुनंच काढतो, वळवतो, टाकून देतो. आमच्या चाळीतल्या खोलीचं जसं झालं: गॅलरीचं स्वयंपाकघर, मोरीचं संडास-बाथरूम, माळ्यावर धाकट्या काकांचा बिछाना. नवी भिंत एकही नाही.

अंटार्क्टिक समुद्रातले मासे याचं टोक आहेत. तिथलं खारं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत जातं, माशाचं रक्त त्याआधीच गोठायला हवं. आर्थर डेव्ह्रीज यांनी १९६०च्या दशकात त्यांच्या रक्तात बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ थांबवणारं प्रथिन शोधलं. ते आलं कुठून, याचा पत्ता १९९७ मध्ये लागला: ट्रिप्सिनोजेनच्या, म्हणजे अन्न पचवणाऱ्या द्रव्याच्या जनुकातून. पचनाच्या जनुकाचा एक बारका तुकडा पुन्हा पुन्हा छापला गेला आणि त्याचं गोठणरोधक झालं. दुसऱ्या टोकाला, आर्क्टिकमधल्या कॉड माशांकडे जवळजवळ तसंच प्रथिन आहे, पण त्याची अक्षरं वाचली तर उगम वेगळाच, कुठलंही प्रथिन न बनवणाऱ्या डीएनएतला. नुसती प्रथिनं शेजारी ठेवली असती तर दोघांना एकाच घराण्यातलं धरलं असतं. याच अंटार्क्टिकात हिममासे नावाचं एक कुळ आहे, त्यांचं रक्त पांढुरकं, कारण हिमोग्लोबिनच नाही. जनुकाचे मोडके अवशेष तेवढे जिनोममध्ये शिल्लक आहेत. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि त्यांचं हृदय भलं मोठं आहे, म्हणून भागतं. ही सोय की अपघात, यावर अजून वाद घालतात. मला अपघातच वाटतो, नंतर निभावून नेलेला.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग आपल्या मिठी नदीतले, माहुलच्या खाडीतले मासेही घाणीला सरावतील का. इथे अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा किलीफिश आठवतो. कारखान्यांच्या विषारी रसायनांनी भरलेल्या खाड्यांत तो जगतो, इतर किलीफिशना जे प्रमाण मारतं त्याच्या हजारो पट सोसतो. २०१६ साली त्याचे ३८४ जिनोम वाचले गेले. चार वेगवेगळ्या खाड्यांत निवड त्याच एका जनुकमार्गावर पडली होती, विष आल्याची वर्दी देणाऱ्या. मासा विष पचवत नव्हता, त्याने घंटा वाजणंच बंद केलं होतं, कारण त्या वर्दीने पेटणारी शरीराची प्रतिक्रियाच घातक ठरत होती. हे जमलं कारण या माशाची संख्या अफाट आणि त्यातली जनुकीय विविधताही अफाट, गोदाम भरलेलं. ज्या माशांची संख्या आधीच रोडावली आहे त्यांच्याकडे हा साठा नसतो. त्यामुळे "निसर्ग घेईल सांभाळून" असं कोणी म्हटलं की मी विचारते, कुठल्या माशाच्या भरवशावर?

एक आपल्या घरचा विषयही सांगून टाकते, कोणाला पीएचडीला हवा असेल तर. बोंबील गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्याला रग्गड, रत्नागिरीच्या खाली जवळजवळ नाहीसा होतो, आणि थेट बंगालच्या उपसागरात वर पुन्हा उगवतो. मधला एवढा किनारा मोकळा. दोन्हीकडच्या बोंबलांचे जिनोम शेजारी ठेवले की मुक्या बदलांच्या संख्येवरून अंदाज येतो की दोघे कधी वेगळे झाले, आणि बोलक्या बदलांवरून कळतं की वेगळे झाल्यावर कोण कशाला सरावलं. असलं शिकायला लांब जायला नको, वर्सोव्याला १९६१ पासूनची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे.

जिनोमच्या आकाराला मात्र भुलू नका. फुगू माशाचा सुमारे ४० कोटी अक्षरांचा, आपला ३०० कोटींचा, आणि २०२४ मध्ये वाचलेल्या दक्षिण अमेरिकी फुप्फुसमाशाचा सुमारे ९,१०० कोटींचा. त्यातला बराचसा भाग त्याच त्या तुकड्यांच्या नकला.

आणि मूळ प्रश्न अजून पटत नसेल तर उधाणाच्या ओहोटीला शिवडीच्या जेट्टीवर जाऊन उभे राहा. फ्लेमिंगो सोडून चिखलाकडे बघा. थोड्या थोड्या वेळाने निवटी डोळे खाली खोबणीत ओढून घेते आणि ओले करून पुन्हा वर काढते. तेवढं बघून झालं की त्या २०१४ च्या निबंधातला डोळ्यांच्या जनुकांचा भाग वाचा. मी उलट क्रमाने वाचला होता, आणि मला पहिल्यांदा काहीही कळलं नव्हतं.