सुईची तारीख पाठ, तपासणीची कुणाला?

(मागच्या अंकात पुरुषांमधल्या टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या कमतरतेवर लिहिलं होतं. त्यानंतर बरीच पत्रं आली, बहुतेकांचा प्रश्न एकच की उपचार चालू आहेत पण त्रास होतोय, काय करू. काही निवडक घेतोय.)

प्रश्न : डॉक्टर साहेब, मी रावेर तालुक्यातला केळीवाला शेतकरी, वय ५३, शुगर आहे. पाच महिन्यांपासून दर तीन आठवड्याला टेस्टोस्टेरॉनची २५० मिलिग्रॅमची सुई घेतोय. अंगात जीव आला, कामाला हुरूप आला. पण एप्रिलपासून डोकं जड राहतं, तोंड लालबुंद दिसतं. लॅबवाला म्हणे एचसीटी ५६ आहे, रक्त घट्ट झालंय. मित्र म्हणतो उन्हाने होतं भो, ताक पी. सुई बंद करू का?

उत्तर : दादा, मित्र अर्धा बरोबर आहे. एचसीटी म्हणजे हिमॅटोक्रिट, शंभर मिली रक्तात तांबड्या पेशींनी किती जागा अडवलीय तो आकडा. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, दिवसभर केळीच्या बागेत घाम गाळायचा आणि पाणी कमी प्यायचं, मग रक्तातलं पाणी घटतं आणि पेशींचा वाटा वाढलेला दिसतो. म्हणून दोन दिवस नीट पाणी पिऊन तपासणी परत करा. पण नुसत्या उन्हाने तुमचा आकडा एवढा गेला असेल असं मला वाटत नाही, कारण टेस्टोस्टेरॉन स्वतःच हाडांच्या मगजाला जास्त पेशी बनवायला लावतं, आणि सुईने हे कातडीला लावायच्या जेलपेक्षा जास्त होतं कारण सुईनंतर रक्तातली पातळी एकदम वर चढते.

५४ ही थांबायची रेषा आहे. त्याच्या वर गेलं की पुढची सुई डॉक्टरांना रिपोर्ट दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, आकडा खाली येईपर्यंत उपचार थांबवतात आणि मग कमी डोसवर परत सुरू करतात किंवा जेलवर नेतात. रक्त काढून टाकायचं का ते डॉक्टर ठरवतील, पण डोस तोच ठेवून फक्त रक्त काढत बसलं तर आकडा परत चढतो आणि वर शरीरातलं लोहही कमी होतं. बिडी ओढत असाल तर तीही हा आकडा वाढवते, झोपेत श्वास अडकत असेल तर तोही वाढवतो, दोन्ही गोष्टी डॉक्टरांना न लाजता सांगा. आणि छातीत दुखलं, अचानक दम लागला, एकाच पायाची पिंढरी सुजून दुखायला लागली किंवा तोंड वाकडं झालं तर ताक-बिक सोडा, सरळ दवाखाना गाठा.

मला राग याचा येतो की सुईची तारीख सगळ्यांना पाठ असते, सीबीसीची (रक्तातल्या पेशींची तपासणी, एचसीटी त्यातच कळतो) कुणालाच नसते. उपचार सुरू करायच्या आधी एकदा, मग ३ ते ६ महिन्यांत एकदा, मग वर्षातून एकदा, एवढंच तर आहे! तुम्हाला त्रास झाला म्हणून तुम्ही तपासलं, पुष्कळांना आकडा वर गेला तरी काहीच जाणवत नाही.

प्रश्न : मी धुळ्याहून लिहितेय. मिस्टरांना हीच सुई चालू आहे. घेतल्यावर आठवडाभर स्वारी एकदम खुशीत, आणि तिसरा आठवडा लागला की जेवणात मीठ कमी पडलं तरी ताट सरकवतात. घोरणंही खूप वाढलंय, मधेच श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि मला भीती वाटते. डोस वाढवून घ्यावा का?

उत्तर : ताई, डोस वाढवू नका. सुई घेतली की दोन-तीन दिवसांत पातळी शिखरावर जाते आणि पुढच्या सुईपर्यंत घसरत जाते, तिसऱ्या आठवड्यातली चिडचिड त्या उतरणीची असू शकते. डोस वाढवला तर शिखर अजून उंच होईल आणि रक्त घट्ट व्हायची भीती वाढेल. त्यापेक्षा कमी डोस कमी अंतराने घेणं, किंवा जेल, किंवा १० ते १४ आठवड्यांनी घ्यायची १००० मिलिग्रॅमची सुई, यातलं काय जमेल ते डॉक्टरांशी बोला. ही मोठी सुई घेतली तर अर्धा तास तिथेच बसायचं, क्वचित कुणाला लगेच खोकल्याची उबळ येते, दम लागतो.

पण तुमच्या पत्रात मला चिडचिडीपेक्षा घोरण्याची काळजी जास्त वाटली. श्वास थांबणं म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, तो या उपचाराने बिघडतो आणि जास्त असेल तर आधी त्याचाच इलाज करावा लागतो. डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः सोबत जा, कारण झोपलेल्या माणसाला काय ठाऊक तो घोरतोय ते. बीपीही मोजून घ्या, आणि संध्याकाळी घोट्यावर बोटाने दाबून बघा, खड्डा पडत असेल तर अंगात पाणी साचतंय, तेही सांगायचं.

प्रश्न : वय ६१, भुसावळ. खांद्याला जेल लावतो. घरात तीन वर्षांची नात आहे, दिवसभर अंगाखांद्यावर असते. चालतं ना?

उत्तर : बाबा, असं नाही चालत. हे जेल कातडीवरून दुसऱ्याच्या कातडीवर जातं. लहान मुलांमध्ये यामुळे नको त्या वयात जांघेत केस येणं, गुप्तांगाची वाढ, चिडखोरपणा असं दिसलंय, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जेलच्या पाकिटावर याची ठळक सूचना टाकायला लावली. आपल्याकडे उन्हाळ्यात घरात उघड्या अंगाने नाहीतर नुसत्या बनियनवर बसायची सवय, रात्री धाब्यावर (गच्चीवर) नातवंडांना कुशीत घेऊन झोपायचं, म्हणून धोका जास्त. लावल्यावर हात साबणाने धुवा, जेल पूर्ण वाळू द्या, मग खांदा झाकेल असा बाह्यांचा शर्ट घाला (बनियन नव्हे, त्यात खांदा उघडाच राहतो). नातीला उचलायच्या आधी ती जागा साबणाने धुतली तर उत्तम, पण जेल लावल्यावर काही तास अंघोळ नको, किती ते पाकिटातल्या कागदावर असतं. तुमचा टॉवेल आणि शर्ट वेगळा ठेवा. नातीत वर सांगितलेलं काही दिसलं तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तुम्ही जेल लावता हे त्यांना आवर्जून सांगा, नाहीतर ते भलत्याच आजाराचा शोध घेत बसतील. तुमच्या घरी कुणी बाईमाणूस गरोदर असेल तर तिनेही दूर राहायचं.

प्रश्न : चोपड्याचा आहे, वय २८, जिमवाल्या मित्राच्या सांगण्यावरून सुई घेतोय, पाठीवर पुरळ आलंय आणि छाती थोडी दुखते. पुढच्या महिन्यात लग्न आहे. सुईने ताकद वाढते म्हणजे मूल लवकर होईल ना?

उत्तर : भाऊ, बरोब्बर उलटं! बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम देणं बंद करते, वृषणं लहान होतात आणि शुक्राणू कमी होत होत शून्यावरही येतात. जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमची सुई पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती, तिचे निकाल १९९० ला छापले गेले, आता तूच बघ. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू ६ ते १२ महिन्यांत परत येतात, काहींना दोन वर्षंही लागतात. छाती दुखणं म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन होतं आणि स्तनाची ग्रंथी वाढते, आणि पुरळ थेट टेस्टोस्टेरॉनमुळेच येतं. मित्राची सुई टोचणं थांबव, आणि एकदम थांबवल्यावर आळस, उदासी येईल म्हणून एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरला) भेटूनच कर, मूल हवं असणाऱ्यांसाठी एचसीजी, क्लोमिफिनसारखी वेगळी औषधं असतात. मुळात तुला कमतरता आहे का हे कुणी बघितलं? दोन वेगळ्या दिवशी, सकाळी, उपाशीपोटी तपासल्याशिवाय तसं म्हणताच येत नाही. आणि होणाऱ्या बायकोला लग्नाआधी सांग, नंतर तिच्याच मागे वैदू आणि नवस लागतील.

प्रश्न : अमळनेर, निवृत्त शिक्षक, वय ६४. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. जेल सुरू करायचं म्हणतात. हार्ट अटॅक येतो म्हणे, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर?

उत्तर : सर, ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास २०२३ ला आला, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले सुमारे ५२०० पुरुष, ४५ ते ८० वयाचे, आणि जेलच वापरलं होतं. हार्ट अटॅक आणि स्ट्रोक जेलवाल्यांमध्ये जास्त निघाले नाहीत. मात्र ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी आणि किडनीला अचानक इजा हे थोडं जास्त दिसलं. अटॅक किंवा स्ट्रोकला सहा महिने झाले नसतील तर सुरूच करत नाहीत, तुमचं तसं नाही, तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

प्रोस्टेटचं असं की असलेला कॅन्सर वाढू नये म्हणून आधी पीएसए (प्रोस्टेटची रक्तातली तपासणी) बघतात, मग ३ ते १२ महिन्यांत परत. ४ च्या वर असेल किंवा पहिल्या वर्षात १.४ ने वाढला तर युरोलॉजिस्टकडे जायचं. या तपासणीला रक्त द्यायच्या आधी दोन दिवस सायकल आणि संबंध टाळा, लघवीला जळजळ असेल तर ती आधी बरी करा, नाहीतर आकडा उगाच वर येतो.