जपानमधलं काइगोचं काम: पगार कमी, मग समाधान कशात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदवी झाली आहे, जपानी भाषा शिकताय, तिथल्या वृद्ध-निवासात काइगोचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचं काम मिळतंय. पगार तिथल्या मानाने कमी. घरचे म्हणतात, ‘लोकांची शी-शू काढायला एवढ्या लांब कशाला?’ तर अशा कामात समाधान मिळतं का?

मिळतं. पण ते कुठून येतं हे आधी कळलं पाहिजे. आपल्याकडे सेवा म्हणजे समोरच्याला हातही हलवू द्यायचा नाही: भरवायचं, पुसायचं, उचलून ठेवायचं. काइगोत हीच मोठी चूक समजतात. तिथला पायाचा शब्द आहे ‘जिरित्सु शिएन’. माणसाला जे जमतं ते त्यालाच करू द्यायचं आणि जेवढं जमत नाही तेवढाच आपला हात लावायचा. हा हात कुठे आणि किती लावायचा, हे या कामातलं खरं कसब आहे. ते अंगात भिनलं की काम आवडायला लागतं. जो नुसता दयेपोटी करतो, त्याची कंबर आणि उमेद दोन्ही लवकर जातात.

एक उदाहरण नीट पाहा. उजवी बाजू लुळी पडलेल्या आजींना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं आहे. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, पलंगाला 20-30 अंशांत तिरकी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलायच्या. आजींना पलंगाच्या कडेला पुढे सरकवून बसवायचं, तळवे जमिनीला टेकलेले, चांगला पाय किंचित मागे घेतलेला. मग सांगायचं, ‘आता उठू या हं.’ स्पर्श करण्याआधी बोलायचं, हा नियमच आहे. त्याला ‘कोएकाके’ म्हणतात. त्यांना नमस्काराला वाकल्यासारखं पुढे झुकू द्यायचं. डोकं पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की बूड आपोआप हलकं होतं आणि त्या डाव्या पायावर स्वतः उठतात. आपण फक्त लुळ्या बाजूचा गुडघा आणि तोल सांभाळायचा.

नवा माणूस काय करतो? काखेत हात घालून सरळ वर ओढतो. वजन मागेच राहतं, सगळा भार आपल्या कमरेवर येतो. लुळा हात धरून ओढला तर खांदा निखळू शकतो. कमरेचं दुखणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे. जपान सरकारच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात की माणसाला निव्वळ हाताच्या बळावर उचलू नका, घसरपट्टी (स्लायडिंग बोर्ड), सरकचादर (स्लायडिंग शीट) किंवा माणूस उचलायची लिफ्ट वापरा. जिथे ही साधनं कपाटात धूळ खात पडली आहेत, ती जागा मी तरी घेऊ नका म्हणेन.

बाकीच्या कामांतही असेच बारकावे आहेत. कपडे काढताना आधी चांगला हात, घालताना आधी लुळा हात. चार जपानी अक्षरांत ‘दाक्केन-चाक्कान’. आंघोळीचं पाणी 40 अंशांच्या आसपास, आधी आपल्या हातावर पाहायचं, मग पायांवरून सुरुवात करून वर यायचं. गिळायला त्रास असेल तर पाण्यात, चहात ‘तोरोमी’ घालून दाटपणा आणायचा, हनुवटी थोडी खाली ठेवायची, गिळल्याचं दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

स्मृतिभ्रंश झालेली माणसं संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. ‘हेच तुमचं घर’ असं सांगितलं की भीती वाढते. ‘घरी कोण वाट बघतंय?’ असं विचारून, चहा घेत, त्यांना त्या घराबद्दल बोलू द्यायचं. यासाठी भाषा लागते, आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली एन-4 ही सुरुवातीची पातळी इथे तोकडी पडते, कारण आजी-आजोबा त्यांच्या बोलीत बोलतात. पहिले सहा महिने सगळ्यात जड जातात ते यामुळेच. शिवाय लेखी नोंदी असतात: जेवण दहापैकी किती भाग, पाणी किती मिलीलीटर. ‘नीट जेवल्या’ असं लिहून चालत नाही.

आता पैसे. या कामासाठी मिळणारा निर्दिष्ट कौशल्य व्हिसा, म्हणजे ‘तोकुतेइ गिनो’, 2019 पासून आहे. त्यावर त्याच कामाच्या जपानी माणसाएवढा पगार देणं बंधनकारक आहे. समजा 1,90,000 येन ठरले. पेन्शनचे 17,385, आरोग्य विम्याचे साडेनऊ हजारांच्या आसपास, बेरोजगारी विमा आणि आयकर वजा जाता हातात 1,58,000 च्या घरात येतील. भाडं, वीज-गॅस-फोन, जेवण आणि किरकोळ खर्च काटकसरीने केला तरी 85-90 हजार जातात. उरलेल्या सत्तरेक हजार येनचे, एका येनला 55-60 पैसे धरले तर, चाळीस हजार रुपये होतात. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो. तो कुणी आधी सांगत नाही आणि पगार कमी झाला म्हणून माणसं घाबरतात.

म्हणूनच कर्ज काढून जाऊ नका. एजंटाला चार लाख दिले की पहिलं वर्ष फक्त फेडण्यात जातं, आणि कर्जाखालच्या माणसाला वाईट जागा सोडता येत नाही. या व्हिसावर त्याच क्षेत्रात नोकरी बदलता येते, हा हक्क कर्जामुळे हातातून जातो. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला कायद्याने 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. शिकवणीची फी वेगळी असू शकते, तिची पावती घ्या.

या व्हिसासाठी परीक्षा तीन: भाषेची (जेएलपीटी एन-4 किंवा जेएफटी-बेसिक), काइगो कौशल्याची 45 प्रश्नांची आणि काइगोच्या जपानीची 15 प्रश्नांची. जेएलपीटी पुण्यात आणि मुंबईत होते. माझा सल्ला, त्याच्या वरची एन-3 करूनच निघा. चार-सहा महिने जास्त जातील, पण तिथला एकटेपणा निम्मा होईल.

हा व्हिसा साधारणपणे एकूण 5 वर्षांचा, आणि कुटुंब नेता येत नाही. पुढचा दरवाजा ‘काइगो फुकुशिशी’, म्हणजे प्रमाणित देखभाल कर्मचारी, होण्याच्या राष्ट्रीय परीक्षेचा. तीन वर्षांचा अनुभव आणि 450 तासांचं प्रशिक्षण झालं की बसता येतं. परीक्षा वर्षातून एकदा, जानेवारीअखेर, 125 प्रश्न. परदेशी उमेदवाराला कांजीवर (चित्रलिपीतल्या अक्षरांवर) फुरिगाना, म्हणजे छोट्या अक्षरांत उच्चार, असलेली प्रश्नपत्रिका मागता येते. पास झालात की ‘काइगो’ व्हिसा मिळतो. तो कितीही वेळा वाढतो आणि नवरा-बायको, मुलं सोबत नेता येतात. घरच्यांना हेही सांगा की फुकुशिशी या पात्रतेला तिथे 1987 पासून कायदा आहे.

परत यायचं ठरलं तर पेन्शनची एकरकमी परतफेड देश सोडल्यापासून 2 वर्षांच्या आत मागावी लागते. मात्र भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारामुळे दोन्हीकडची वर्षं जोडता येतात आणि परतफेड घेतली की ती वर्षं पुसली जातात. तेव्हा आधी हिशेब करा.

मुलाखतीत एवढं नक्की विचारा: रात्रपाळी किती तासांची, महिन्यात किती, आणि तेव्हा एका कर्मचाऱ्याकडे किती माणसं? लिफ्ट आणि सरकचादर रोज वापरता का? 450 तासांच्या प्रशिक्षणाची फी कोण भरतं? इथल्या किती परदेशी कर्मचाऱ्यांनी फुकुशिशी परीक्षा दिली? शेवटच्या प्रश्नाला आकडा सांगून उत्तर आलं, तर त्या जागेचा गांभीर्याने विचार करा.