कुंड्याच तर होत्या!

"मॅडम, बागेचं वेड होतं हो यांना. आता कुंडीला पाणी घाला म्हटलं तरी उठत नाहीत." खुर्चीत टेकता टेकताच काकूंनी सुरुवात केली. काका शेजारी गप्प बसून होते. वय बासष्ट, नोकरीतून निवृत्त, तब्येत ठणठणीत.

समुपदेशनाच्या कामात अशी तक्रार माझ्याकडे अनेक रूपांत येते. कुणाची पेटी वाजवायची सुटते, कुणाचं विणकाम, कुणाची बाग. "पूर्वीसारखा उत्साहच येत नाही, मी आळशी झालोय का?" हा प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखाच. म्हणून काकांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून, ही हकीकत लिहिते आहे.

पुण्यातल्या त्यांच्या जुन्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर सत्तरेक कुंड्या होत्या. त्यात कापलेले तेलाचे डबे आणि दोन गळकी पिंपंही. मोगरा, गावठी गुलाब, जास्वंद, वालाचा वेल, कढीपत्ता. इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या घरात बारा कुंड्या आल्या, बाकीच्या वाटून टाकल्या. सहा महिन्यांत बारातल्या नऊ वाळल्या आणि काकांनी गॅलरीचं दार उघडणंच सोडलं. नव्या घराचा नकाशा आला होता, तोही घडी न उलगडता कपाटात पडून होता.

"माझा हातगुण गेला," एवढं एकच वाक्य ते पहिल्या भेटीत बोलले.

आधी मी नैराश्याची चौकशी केली. मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ टिकलं, त्यासोबत झोप, भूक बिघडली, स्वतःला दोष देणं, जगणं नकोसं वाटणं सुरू झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. त्यात कमीपणा नाही. (सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही फोन लागतो.) काका नीट जेवत होते, झोपत होते, नातवासोबत कॅरम खेळत होते. दुखणं बागेपुरतंच होतं.

आणि इथे मी घाई केली. "नर्सरीतून एक छानसं रोप आणा," असं सांगून मोकळी झाले. त्यांनी आणलं. पुढच्या भेटीपर्यंत ते काळ्या पिशवीतच मान टाकून बसलं होतं. काय गेलंय हे विचारण्याआधीच मी ते भरून काढायला निघाले होते.

दुसऱ्या भेटीत नुसतं विचारलं, "काका, गच्ची सोडली तो दिवस कसा गेला?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झाडं लोकांनी नेली हो. माती कुणी नेली नाही. पंधरा वर्षं पालापाचोळा कुजवून, शेणखत घालून केली होती ती. मुठीत धरली की भुरभुर सुटायची. मजुरांनी ती राडारोड्यात ओतली." त्यांचे डोळे भरले. काकू बघतच राहिल्या. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाबद्दल लिहिलं आहे: समाज ज्याला दुःख मानतच नाही असं दुःख. माणूस गेलं की लोक भेटायला येतात. माती गेली तर "कुंड्याच तर होत्या, नव्या घेऊ" म्हणतात. मग माणूस स्वतःलाही रडायची मुभा देत नाही, आणि बाहेरून ते सगळं आळसासारखं दिसतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घरच्यांनी इथे समजूत घालायची घाई करू नये, नुसतं ऐकावं.

तिसऱ्या भेटीनंतर गृहपाठ दिला, पण झाडांचा नाही, उन्हाचा. एका रविवारी गॅलरीत दर तासाला ऊन कुठवर येतं तिथे खडूची रेघ मारायची. समोरच्या टॉवरमुळे एका कोपऱ्यात आठ ते पावणेदहा, एवढंच ऊन निघालं. मोगऱ्या-गुलाबाला पाच-सहा तास तरी लागतं. काका वहीकडे बघून म्हणाले, "म्हणजे हातगुणाचा प्रश्नच नव्हता."

मग वाळलेल्या मोगऱ्याची पाळी. काकांनी खोडाची साल नखाने जराशी खरवडली, आत हिरवं! माती मात्र विटेसारखी घट्ट झाली होती. आकसून कुंडीच्या कडेपासून सुटली होती, त्यामुळे वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जायचं आणि मुळं कोरडीच. "आणि मी म्हणत होतो, पाणी तर रोज घातलं होतं." त्यांनी अख्खी कुंडी बादलीत बुडवली आणि बुडबुडे थांबेपर्यंत तिथेच पाटावर बसून राहिले. हे त्यांनी मला हातवारे करून सांगितलं. बऱ्याच महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते, असं काकू म्हणाल्या.

इथून पुढचा नियम साधा होता. सकाळच्या चहानंतर पाच मिनिटं, एकच कुंडी, मन असो वा नसो. उत्साह आला की उठू, असं आपण धरून चालतो. पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात नैराश्यावर जे काम केलं, त्याची दिशा उलटी आहे: आधी हात हलतात, त्यातून थोडं बरं वाटतं, मग मन मागून येतं. काकांचे चार-पाच दिवस कोरडेही गेले. गेले तर गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटं.

त्या कोपऱ्यात आता पुदिना आणि अळू आहे. मोगरा छाटून खाली वॉचमनच्या खोलीशेजारी ठेवलाय, तिथे दुपारपर्यंत ऊन असतं. काका रोज सकाळी तांब्या घेऊन खाली उतरतात. भाजीची देठं, चहाचा चोथा, सुका पाला एका जुन्या माठात साठतोय. वर्षभरात माती होईल म्हणतात.

शेवटच्या भेटीला काकांच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. टेबलावर पसरला; नव्या घराचा नकाशा. गॅलरीवर पेन्सिलीने बाण काढले होते. "पश्चिमेला आहे, मॅडम. दुपारनंतर चांगलं ऊन येईल. पण पाण्याचा नळ लांब ठेवलाय त्यांनी. उद्या जाऊन सांगतो."