ठेव मोडून अंगणात स्विमिंग पूल बांधावा का?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात असं आहे: बेलापूरला सिडकोच्या भाडेपट्ट्यावरचा बंगला, मागे मोकळं अंगण, 3 वर्षांची नात. साहेबांच्या निवृत्तीला 3 वर्षं उरलीत. 20 लाखांची ठेव मोडून पूल बांधायचा विचार आहे, कोटेशन 14 लाखांचं. ठेकेदार म्हणतो, "नकाशावर पाण्याची टाकी दाखवू, परवानगीची कटकट नको."

माझं म्हणणं, यंदा ठेव मोडू नका. परवानगीचं काम मात्र यंदाच हाती घ्या.

कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का, ते आधी विचारा. नसेल तर 18 टक्क्यांनी रक्कम 16 लाख 52 हजारांवर जाते. मागे राहतात 3 लाख 48 हजार. तुमचा महिन्याचा खर्च 70 हजार, म्हणजे जेमतेम 5 महिन्यांची बेगमी. निवृत्ती तोंडावर असताना मला हे पटत नाही. शिवाय 20 बाय 10 फुटांच्या, 4 फूट खोल पुलात सुमारे 22,600 लिटर पाणी मावतं. 1 हॉर्सपॉवरचा पंप रोज 6 तास चालला तर महिन्याला सव्वाशेहून जास्त युनिट जातात, आणि तेही तुमच्या बिलाच्या सगळ्यात महागड्या टप्प्यात.

"टाकी दाखवू" हे ऐकूच नका. बांधकाम परवानगीशिवाय झालं, तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली ते पाडायची नोटीस येऊ शकते. उद्या घर विकायला काढलंत, की खरेदीदाराच्या बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊनच अंगणात उभा राहतो. म्हणून वास्तुविशारदामार्फत महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज करा आणि जमीन सिडकोची असल्यामुळे त्यांच्या ना-हरकतीचंही त्याच वेळी विचारून घ्या. एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. बांधकाम सुरू करायचा दाखला 1 वर्ष चालतो आणि दर वर्षी वाढवून घेत एकूण 4 वर्षांपर्यंत टिकतो. म्हणजे आता थोड्या खर्चात कागद तयार ठेवून, निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर पूल बांधता येईल.

सुरक्षेवर मात्र एक पैसाही वाचवू नका, ताई. एका ओळखीच्या घरी पुलाभोवती चांगलं 4 फुटी कुंपण होतं. त्यांच्या छोट्याने प्लास्टिकची खुर्ची ओढत नेऊन कुंपणाला टेकवली आणि वर चढला. आजोबांचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. मूल बुडताना ओरडत नाही, हे लक्षात असू द्या. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होणारं हवं, कडी मुलाच्या हाताला न लागणारी. तळाशी पाणी ओढणारी तोंडं दोन हवीत, म्हणजे एकावर केस किंवा अंग अडकलं तरी सगळा जोर तिथेच येत नाही. पाण्यातले दिवे 12 व्होल्टचे आणि वायरिंगला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच.

आणि पावसाळ्यात पूल कधीही रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी चढतं आणि रिकामी काँक्रीटची टाकी खालून उचलली जाते. एका परिचितांनी ऑगस्टमध्ये साफसफाईला पूल उपसला आणि तळाला तडा गेला. तो बुजवण्यात वर्षभराची बचत गेली.

कोटेशनमध्ये कुंपण, फाटक, आरसीसीबी यांच्या ओळी वेगळ्या लिहून मागा. नसतील, तर ते कोटेशन अर्धवट समजा आणि मला पाठवा.