वणवा दूर, धाप घरात

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं वणव्याच्या धुराबद्दलची आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेते. मी छातीरोगतज्ज्ञ आहे. धुराचे दिवस सुरू झाले की तपासणीच्या खोलीबाहेर कोण कोण येऊन बसणार, हे मला आता पाठ झालंय. त्यातल्या बऱ्याच जणांचा त्रास घरच्या घरी टळला असता, ही रुखरुख मला दर वेळी लागते.

प्रश्न : आग आमच्यापासून खूप लांब आहे. परवापासून जळका वासही येत नाही. तरी लेक खिडक्या उघडू देत नाही. माझं वय ७१, हृदयात स्टेंट आहे, पण श्वासाचा त्रास कधीच नव्हता. एवढं जपायला हवं का? – एक आजोबा

काका, लेकीचं ऐका. वास येतो तो मुख्यतः धुरातल्या वायूंचा. लांबच्या प्रवासात ते विरून जातात, बारीक कण मात्र हवेत तरंगत राहतात. वणव्याच्या धुरातल्या कणांचं वजन केलं तर त्यातला सुमारे ९० टक्के भाग २.५ मायक्रॉनहून बारीक कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा भरतो. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. इतके बारीक कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत, ते थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात. आणि अंतराचं म्हणाल, तर जून २०२३ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या आगींनी शेकडो किलोमीटरवरच्या न्यूयॉर्कचं आकाश भरदिवसा नारिंगी झालं होतं. त्याच महिन्यात कॅनडाचा धूर अटलांटिक ओलांडून युरोपपर्यंत पोचला.

तुम्ही श्वासाचं लिहिलंत, मला काळजी वाटते ती तुमच्या हृदयाची. हे कण आत गेले की शरीरात दाह वाढतो, रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्यांना हा ताण झेपत नाही. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत आगीने थेट घेतलेले बळी तिसाहून थोडे जास्त होते. धुरामुळे झालेल्या जादा मृत्यूंचा संशोधकांचा अंदाज मात्र ४१७ होता. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या तक्रारींसाठी अकराशेहून जास्त लोकांना जादा भरती व्हावं लागलं, असंही त्याच अंदाजात म्हटलं आहे. तेव्हा गोळ्या एक दिवसही चुकवू नका. छातीत जडपणा, हाताला किंवा जबड्याला कळ, उगाच फुटलेला घाम, यांतलं काही झालं तर ‘धुरामुळे असेल’ म्हणून थांबू नका. तडक रुग्णालयात जा.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, दमा आहे. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला होता, बरं वाटल्यावर आम्ही तो बंद केला. धाप लागली की दुसरा पंप देते. या दिवसांत ओला रुमाल बांधून शाळेत पाठवते. एवढं पुरेल का? – एक आई

नाही हो, पुरणार नाही. ओल्या रुमालाने राखेची मोठी कुसळं अडतील, पीएम २.५ अडत नाही, वायूही अडत नाहीत. एन-९५ मास्क हे कण चांगले गाळतो, पण तो चेहऱ्यावर घट्ट बसला तरच. आठ वर्षांच्या मुलाच्या गालांपाशी बहुधा फट राहते, आणि तेवढ्या फटीतून सगळं आत जातं. मुलाच्या मापाचा मिळाला तर जरूर वापरा. धूर दाट असेल त्या दिवशी मात्र शाळा बुडाली तरी चालेल.

खरं संरक्षण तुम्ही बंद केलेल्या त्या रोजच्या पंपात आहे. तो श्वासनलिकांची सूज कमी ठेवतो, पण त्याचा पुरता गुण यायला दिवस, कधी आठवडेही लागतात. धूर दारात आल्यावर सुरू करून तो त्याच दिवशी कामाला येत नाही. आजच तुमच्या डॉक्टरांशी बोलून पुन्हा सुरू करा, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच द्या. धापेचा पंप मुलाच्या दप्तरात असू द्या आणि तो कसा द्यायचा हे वर्गशिक्षकांना दाखवून ठेवा. पंप देऊनही चार तासांच्या आत पुन्हा द्यावा लागला, बोलताना वाक्य तुटू लागलं, श्वासाबरोबर बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर घरी उपाय करत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

‘धूर काय, गाड्यांचाही असतोच’ असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या १९९९ ते २०१२ या काळातल्या रुग्णालयांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम पीएम २.५ इतर कारणांनी वाढलं, तर श्वसनविकारांसाठी भरती होणाऱ्यांचं प्रमाण ०.६७ ते १.३ टक्क्यांनी वाढलं. तेवढंच पीएम २.५ वणव्याच्या धुराने वाढलं, तेव्हा ही वाढ १.३ ते १० टक्के होती.

प्रश्न : सगळं घर बंद करून बसणं जमत नाही. एअर प्युरिफायर एकच घेता येईल. तो कुठे ठेवू? – एक वाचक

झोपायच्या खोलीत. माझ्या मते धुराच्या दिवसांतला सगळ्यात मोठा उपचार म्हणजे घरातली एक स्वच्छ खोली. सगळं घर राखायला गेलात तर एकही खोली नीट राहत नाही. सगळे मावतील अशी, कमी खिडक्यांची खोली निवडा. फटी टेपने किंवा कापडाने बंद करा, एक्झॉस्ट फॅन लावू नका. एसीत बाहेरची हवा आत घेण्याची झडप असेल तर ती बंद करा.

यंत्र घेताना जाहिरात वाचू नका, सीएडीआर हा आकडा बघा. दर मिनिटाला यंत्र किती स्वच्छ हवा देतं, ते तो सांगतो. वणव्याच्या धुरासाठी तो घनफुटांत निदान खोलीच्या चौरस फुटांइतका हवा. खोली १२० चौरस फुटांची असेल तर १२०. आकडा ताशी घनमीटरमध्ये दिला असेल तर सुमारे २०० हवा. गाळणी हेपा दर्जाची, म्हणजे अतिशय बारीक कण अडवणारी घ्या. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, ओझोन स्वतःच श्वासनलिका चिडवतो. यंत्र परवडत नसेल तर २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल या अमेरिकी तज्ज्ञांच्या कल्पनेतून आलेली पेटी करता येते. मर्व्ह-१३ दर्जाच्या, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या, चार चपट्या गाळण्या चौकोनात टेपने जोडायच्या, तळ पुठ्ठ्याने बंद करायचा आणि वर हवा बाहेर फेकणारा चौकोनी पंखा बसवायचा. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. पंखा चांगल्या स्थितीतला वापरा आणि लक्ष नसताना चालू ठेवू नका.

त्या खोलीत काहीही जाळू नका, मेणबत्तीसुद्धा नाही. केर काढू नका, ओल्या फडक्याने पुसा. आत फार उकडू लागलं तर मात्र म्हाताऱ्या माणसांना उष्माघाताचा धोका धुराइतकाच मोठा असतो. अशा वेळी त्यांना गाळलेल्या थंड हवेच्या दुसऱ्या जागी हलवा.

प्रश्न : सरावाला मैदानावर मुलं न्यायची की नाही, हे कशावरून ठरवू? मोबाइलवरचा आकडा आणि डोळ्यांना दिसतं ते जुळत नाही. – क्रीडाशिक्षिका

हवेचा निर्देशांक पुष्कळदा २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो, धूर मात्र तासाभरात येतो आणि जातो. म्हणून जवळच्या केंद्राचं त्या तासाचं पीएम २.५ बघा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला १५ मायक्रोग्रॅम आहे. तासाचा आकडा ५० च्या पुढे दिसला तर मी मुलांना पळवणार नाही, दमेकरी मुलांना त्याआधीच आत बसवेन. बसलेला मोठा माणूस मिनिटाला ६ ते ८ लीटर हवा घेतो, जोरात पळताना ६० च्याही वर. पहाटेचा सराव तर नकोच. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरच्या उबदार हवेच्या थराखाली धूर दरीत, सखल भागात कोंडून राहतो आणि ऊन तापल्यावर वर उठतो.

प्रश्न : भाऊ वणवा विझवायला गेला होता. डोकं ठणकतंय, मळमळतंय. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, म्हणजे ठीक ना? – एक बहीण

ताई, त्या ९८ वर विसंबू नका. आगीजवळच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच वाटतो. हे वाचेपर्यंत थांबला असाल तर आता थांबू नका. अशा वेळी तासाभरातच रुग्णालयात न्यायचं असतं, ‘आगीच्या धुरात होता’ हे आधी सांगायचं, म्हणजे ते रक्त तपासून ऑक्सिजन लावतील.

प्रश्न : धूर गेला, पण खोकला राहिलाय. फुफ्फुसं साफ करणारं औषध सांगा. – एक वाचक

असं औषध नाही. पाणी भरपूर प्या, धूम्रपान करत असाल तर थांबवा. साधा खोकला हवा स्वच्छ झाल्यावर थोड्या दिवसांत उतरतो. दोन आठवड्यांनंतरही टिकला, किंवा ताप, घटतं वजन, थुंकीत रक्त यांपैकी काही असेल, तर तो धुराचाच असं धरून चालू नका. थुंकी तपासा, छातीचा एक्स-रे काढा.