वाचकांचे प्रश्न : डोळे मिटल्यावर मन जास्तच का बोलू लागते?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ध्यान आणि आत्मपरीक्षण यांविषयीची होती. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जागा अधिक दिली आहे, कारण त्यांत सांगितलेल्या अडचणीपाशी येऊन अनेकांची साधना थांबते, आणि ती थांबू नये असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : गेले सहा महिने मी रोज पहाटे वीस मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसतो. शांत बसले की आतले शहाणपण आपोआप वर येते, असे ऐकले होते. प्रत्यक्षात डोळे मिटले की कामांची यादी, जुने अपमान, कोणाला काय उत्तर द्यायला हवे होते, हेच सुरू होते. माझ्यात ती पात्रताच नाही, असे समजावे का?

उत्तर : तसे मुळीच समजू नये. बसल्यामुळे आपले मन अधिक बोलू लागलेले नाही. ते एरवीही इतकेच बोलत असते, फक्त ऐकायला घरात कोणी नसते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २,२५० प्रौढांना दिवसातून अधूनमधून मोबाईलवर विचारण्यात आले की या क्षणी आपण काय करत आहात आणि मनात काय चालले आहे. सुमारे ४७ टक्के वेळा लोकांचे मन हातातल्या कामावर नसून दुसरीकडेच होते, आणि तशा वेळी ती माणसे तुलनेने कमी आनंदी होती. आपल्याला सहा महिन्यांत जे ऐकू येऊ लागले आहे ते बहुतेकांना जन्मभर ऐकू येत नाही.

आपली अडचण फार जुनी आहे, हेही लक्षात घ्यावे. पतंजलींच्या योगसूत्रांत, पहिल्या पादातील तिसाव्या सूत्रात, चित्त विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत व्याधी आणि आळस यांच्याबरोबरीने संशय आहे, आणि अलब्धभूमिकत्व, म्हणजे प्रयत्न करूनही अपेक्षित अवस्था हाती न लागणे, हेही आहे. ‘मला काहीच मिळत नाही’ ही भावना साधकाच्या अपात्रतेचा पुरावा म्हणून तेथे आलेली नाही. वाटेत लागणारा एक अडथळा म्हणून, इतर आठांच्या रांगेत, तिची नोंद आहे. त्याच पादात अभ्यास कसा असावा हे सांगताना तो दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केलेला असावा, असे म्हटले आहे. दीर्घकाळ आणि अखंड हे दोन शब्द सर्वांच्या लक्षात राहतात. आदर मात्र निसटतो. मन भरकटल्याचे लक्षात आल्यावर आपण त्याला परत आणतो तेव्हा कपाळाला आठी पडते का, जबडा आवळला जातो का, हे आपण एकदा पाहावे. हट्टी मुलाचा दंड धरून त्याला ओढत आणावे तसे मनाला आणत असाल, तर ते पुन्हा पळणारच. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन आवरणे हे वारा आवरण्यासारखे अवघड आहे. श्रीकृष्ण ती तक्रार खोडून काढत नाहीत. मन चंचल आहे हे आधी मान्य करून मगच ते अभ्यास आणि वैराग्य यांचा उपाय सांगतात. आपणही मनाला आधी मान्य करावे.

मग शहाणपण कोठे आहे, हा आपला खरा प्रश्न उरतो. माझ्या समजुतीप्रमाणे ते विचार थांबल्यावर ऐकू येणारी एखादी वाणी नाही. विचार कोठून उठतो हे दिसणे, हेच ते शहाणपण आहे. एक साधा अनुभव सांगतो. एका सकाळी मी बसलो तेव्हा आदल्या रात्री धाकट्या भावाशी फोनवर झालेला वाद डोक्यात घोळत होता. त्याचे कसे चुकले याचे मुद्दे एकामागून एक तयार होत होते, आणि मी दर वेळी नाकपुडीपाशी जाणवणाऱ्या श्वासाकडे परत येत होतो. दहा-बारा मिनिटांनी मुद्दे संपले नाहीत, पण घशाशी काहीतरी दाटून आले आहे हे जाणवले. त्या दाटण्याकडे थोडा वेळ नुसते पाहत राहिलो, तेव्हा सगळ्या मुद्द्यांच्या तळाशी एकच वाक्य सापडले : ‘मला कोणी विचारले नाही.’ राग नव्हताच, ते दुःख होते. दुपारी भावाला फोन केला तेव्हा मुद्दे काढावे लागले नाहीत. एवढेच घडले. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही, पण सकाळी जे मला ठाऊक नव्हते ते दुपारी ठाऊक होते. आपल्या सहा महिन्यांत असे काही क्षण येऊन गेले असतील, आणि आपण मोठ्या गोष्टीची वाट पाहत असल्यामुळे त्यांची दखल घेतली गेली नसेल, अशी मला दाट शंका आहे.

प्रश्न : झोपण्यापूर्वी दिवसभराच्या वागण्याचे परीक्षण करावे, असा सल्ला मला एका ज्येष्ठ व्यक्तीने दिला होता. मी तो मनोभावे पाळते. परंतु आता रात्री अंथरुणावर पडले की मीच मला टोचून खाते, आणि दोन-दोन तास झोप लागत नाही. आत्मपरीक्षण असेच त्रासदायक असते का?

उत्तर : ताई, आपण जे करत आहात त्याला आत्मपरीक्षण म्हणता येणार नाही. चिंता आणि चिंतन हे दोन शब्द एकाच धातूपासून आले असले तरी त्यांच्या चाली अगदी वेगळ्या आहेत. चिंता एकाच जागी गोल फिरते आणि तिचा प्रश्न बहुधा ‘मी अशी का?’ हा असतो. या प्रश्नाला उत्तर नसते, म्हणून तो रात्रभर पुरतो. चिंतनाचा प्रश्न ‘नेमके काय घडले?’ असा असतो. त्याला उत्तर असते, आणि उत्तर मिळाले की ते थांबते.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने क्रोधाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात स्वतःची एक सवय सांगितली आहे. रात्री दिवा मालवला आणि ही सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली की तो आपला संपूर्ण दिवस तपासत असे, स्वतःपासून काहीही न लपवता. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अमुक चर्चेत मी फार भांडखोरपणे बोललो, अमुक माणसाला सुधारण्याऐवजी दुखावले, अशी चूक नेमकी नोंदवून तो स्वतःला म्हणतो की पुन्हा असे करू नकोस, या वेळी तुला क्षमा आहे. ही क्षमा त्याच्या परीक्षणाचा भागच आहे. ती मिळणार हे ठाऊक असल्यामुळेच त्याला चुकांकडे न घाबरता पाहता येते. ज्या न्यायालयात शिक्षा आधीच ठरलेली असते तेथे आरोपी खरे बोलत नाही, आणि आपले मन तरी याला अपवाद कसे असेल?

म्हणून काही बदल सुचवतो. परीक्षण अंथरुणावर करू नये. संध्याकाळी, दिवा चालू असताना, खुर्चीवर बसून दहा मिनिटांत करावे आणि ते लिहावे, कारण कागदावरचे वाक्य पूर्णविरामापाशी थांबते, डोक्यातले थांबत नाही. दिवसातला एकच प्रसंग घ्यावा. काय घडले, त्या क्षणी शरीरात काय जाणवले आणि उद्या तोच प्रसंग आला तर कोणती एक लहान गोष्ट वेगळी करता येईल, एवढेच लिहावे. ‘मी स्वार्थी आहे’ हे वाक्य लिहू नये, ते निकालपत्र आहे. ‘तिचे बोलणे पूर्ण होण्याआधी मी उठून गेले’ असे लिहावे. शिवाय आठवड्यातून दोन दिवस तरी आपल्या हातून नीट घडलेल्या प्रसंगाची याच काटेकोरपणे तपासणी करावी. हे मन राखण्यासाठी सांगत नाही. जे साधले ते कशामुळे साधले, हे कळणेही आत्मज्ञानच आहे.

एवढे करूनही झोप येत नसेल, मन सतत खचलेले राहत असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटावे. तोपर्यंत दीर्घ मौनाच्या शिबिराला जाण्याचा विचार असल्यास तो पुढे ढकलावा. काही जणांची अस्वस्थता अशा एकांतात वाढते, आणि त्यात साधकाचा काहीही दोष नसतो.

प्रश्न : मांडी घालून बसता येत नाही. खुर्चीवर बसलेले चालते का? किती वेळ बसावे?

उत्तर : चालते. योगसूत्रांत आसन स्थिर आणि सुखकर असावे, एवढीच अट आहे. पावले जमिनीवर टेकलेली आणि पाठ सरळ असली की पुरे. रोजची दहा मिनिटे ही रविवारच्या दीड तासापेक्षा बरी.

प्रश्न : एका मोठ्या निर्णयापुढे मी उभी आहे. ध्यानात एक उत्तर अगदी स्पष्ट येते. हे अंतर्ज्ञान आहे की माझीच इच्छा, हे कसे ओळखावे?

उत्तर : हा प्रश्न आपल्याला पडला, ही चांगली गोष्ट आहे. वर उल्लेखिलेल्या नऊ अंतरायांत भ्रांतिदर्शनही आहे, म्हणजे चुकीचे ज्ञान खरे वाटणे. ध्यानात सुचले एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी ठरत नाही. स्पष्टपणा हाही पुरावा नव्हे, कारण इच्छा फार स्पष्ट बोलते. माझ्या पाहण्यात एक फरक आला आहे : इच्छेला घाई असते आणि तिला कोणी शंका विचारलेली खपत नाही. आतून आलेली खरी जाण शंका ऐकून घेते, एखादा महिना थांबायलाही तयार असते. दुसरे असे की तिच्यात बहुधा आपल्याला नको असलेला एखादा अंश असतो. जे उत्तर सर्व बाजूंनी आपल्या सोयीचे आहे, त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहावे.

एक करून पाहावे. पुढच्या तीन आठवड्यांत, दर आठवड्याला एकदा, ध्यानानंतर हाच प्रश्न कागदावर लिहून त्याखाली उत्तर लिहावे आणि कागद दुमडून ठेवावा. आधीचा कागद उघडू नये. एकदा थकलेल्या दिवशी लिहावे, एकदा आनंदात असताना. चौथ्या आठवड्यात तिन्ही कागद आपले हित पाहणाऱ्या, पण आपल्या हो ला हो न करणाऱ्या एखाद्या व्यक्तीसमोर उघडावेत आणि तिने काही विचारल्यास लगेच उत्तर देऊ नये. निर्णय काय झाला हे आम्हाला कळवले नाही तरी चालेल, पण तीन कागदांत काय सारखे राहिले आणि काय बदलले, ते अवश्य कळवावे.